गॅरेजला फरशी कोणती टाकावी? काळी जमीन, जळगाव

तापीकाठ
राम राम मंडळी. जळगावला गावाबाहेरच्या नव्या वस्तीत घर बांधलंय. आधी तिथे कपाशी होती, म्हणजे जमीन कोणती ते सांगायला नको. घराला लागून गॅरेज काढलंय, ११ बाय १८ फूट, तीन बाजूंना भिंत आणि पश्चिमेला शटर. एक कार, दोन मोटरसायकली, फवारणी पंप, ठिबकच्या नळ्यांची बंडलं आणि हंगामात खताच्या गोण्या, सगळा पसारा तिथेच.

ठेकेदाराने खाली कोबा करून दिला होता. पहिला पावसाळा गेला आणि मधोमध आडवी भेग पडली. आता शटरजवळचा एक कोपरा बोटभर खाली बसलाय. वरून सिमेंटची भुकटी निघते ती वेगळीच, झाडावं तितकी कमी. ठेकेदार म्हणतो, वरून पार्किंग टाईल्स मारून घ्या, सगळं झाकलं जाईल. मुलगा यूट्यूब पाहून इपॉक्सी म्हणतोय, म्हणजे कोब्यावर मारायचा रेझिनचा थर, चकचकीत राखाडी रंगाचा. वडील म्हणतात शहाबादी टाका आणि गप्प बसा. आखाजीला (अक्षय तृतीयेला) बहिणी येतील तोवर उरकून टाकू, असा घरात सूर आहे. टिकाऊ काय ते सांगा. पैसा एकदाच घालायचाय.

भुसावळचं_इंजिन
चेकर्ड टाईल्स. आमच्या कॉलनीत सगळ्यांकडे त्याच. विषय संपला.

दोरी_ओळंबा
इतक्यात संपत नाही भाऊ. चेकर्ड टाईल चांगलीच, पण ती बसवायची कशावर? कोपरा बोटभर खाली गेलाय म्हणजे खालची भरती बसतेय. त्यावर टाईल, कोटा, ग्रॅनाइट काहीही लावा, सहा महिन्यांत तीच भेग वर येणार.

तापीकाठ भाऊ, एक काम करा. हातोडीच्या दांड्याने सगळा कोबा ठोकत जा. भरीव आवाज आला तर ठीक, डबडब आवाज आला तर खडूने खूण करा. मग खचलेल्या कोपऱ्यात फूटभर चौकोन फोडा आणि खाली हात घालून बघा. पुष्कळ ठिकाणी पाया खोदताना निघालेली काळी मातीच परत प्लिंथमध्ये, म्हणजे जोत्यात, ढकलतात. मुरमाचा एक ट्रॅक्टर वर पसरला की मालकाला दिसतो मुरूमच. कोबा किती जाड आहे तेही मोजा.

आणि भुकटी का निघते ते सांगतो. मालात पाणी जास्त, घोटताना वरून कोरडं सिमेंट भुरभुरवलेलं, आणि नंतर पाणी मारायचा कंटाळा. वरचा पापुद्राच कच्चा राहतो. त्याला लिक्विड हार्डनर मारून धूळ कमी होईल, भेगेवर त्याचा उपयोग नाही.

शिरपूरची_लेक
दादा, ती पार्किंग टाईल घ्यायचीच झाली तर गुळगुळीत घेऊ नका. आमच्या पोर्चमध्ये चकचकीत व्हिट्रिफाईड बसवली. दिसायला देखणी, पण पाणी पडलं की घसरगुंडी. सासूबाई दोनदा तोल जाता जाता वाचल्या. उन्हाळ्यात बिबडे-पापडाला बायका पोर्चमध्येच बसतात, हंडा-बादली तिथेच, म्हणजे फरशी ओली व्हायचीच.

इपॉक्सीवर बिबडे वाळत घालता येतात का, हे कुणी सांगेल का? 😀

जुनी_जीप
ताई, इपॉक्सीवर बिबडे वाळतील, पण गाडी उभी राहील याची खात्री मी देत नाही.

मी धुळ्याचा. शेडमध्ये दोन जुन्या गाड्या आहेत, त्यांची खोल-जोड मीच करतो. तिथे इपॉक्सी करून घेतलं होतं. काम करणारी मंडळी बाहेरची. त्यांनी कोबा ग्राइंड केलाच नाही, ॲसिड ओतून धुतला आणि दुसऱ्या दिवशी रोलर फिरवला. दिवाळीला शेड आरशासारखी. मे महिन्यात चार चाकांच्या जागी चार चट्टे, पापुद्रा टायरला चिकटून वर.

नंतर कारण समजून घेतलं. महामार्ग ५३ वरून भर दुपारी गाडी आणली की टायर चटका बसण्याइतका तापलेला असतो. साधा इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. गाडी उभी केली की टायर थंड होत आकसतो आणि मऊ झालेला थर ओढून घेतो. आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, मग फरशीचं काय होत असेल विचार करा. शटर पश्चिमेला म्हणताय, म्हणजे दुपारनंतरचं ऊन थेट आत. उन्हाने इपॉक्सी पिवळाही पडतो. वरून पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पॉलिअ‍ॅस्पार्टिक अशा ऊन सोसणाऱ्या लेपाचा थर दिला तर टिकतो, पण मग खर्च कुठल्या कुठे जातो.

त्याहून मोठी भानगड खालच्या ओलीची. दीड फूट चौरस जाड प्लास्टिक कोब्यावर ठेवा, चारी कडा टेपने घट्ट बंद करा, रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसंच राहू द्या. काढल्यावर खाली थेंब दिसले किंवा कोबा काळवंडलेला दिसला तर खालून ओल येतेय. त्यावर मारलेला कुठलाही रंग फुगून सुटणार. यातली मेख अशी की ही परीक्षा श्रावणात करायची. आत्ता, होळीच्या सुमाराला, आपल्याकडे सगळंच कोरडं ठणठणीत असतं. परीक्षा पास होईल आणि फरशी नापास.

भुसावळचं_इंजिन
एवढं सगळं गॅरेजसाठी? गाडी काय नवरी आहे का?

निवृत्त_कालवा
मंडळी, मी पाटबंधारे खात्यात होतो, त्यामुळे फरशीपेक्षा मातीवर बोलतो. आमच्याकडे म्हणतात, 'वरनं ऱ्हाऊ द्या, खाल काय शे ते देखा पहिले.'

काळ्या कापसाच्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणद्रव्य असतं. ते पाणी पितं आणि फुगतं, वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात शेतात हात जाईल अशा भेगा तुम्ही सगळ्यांनी पाहिल्यात. तीच माती तुमच्या कोब्याखाली आहे, फक्त दिसत नाही. गॅरेजच्या मधोमध माती झाकलेली, तिथली ओल फारशी हलत नाही. कडेला मात्र पावसाळ्यात पाणी शिरतं, उन्हाळ्यात निघून जातं. म्हणून कडा वर-खाली होतात, मधला भाग जागेवर राहतो आणि कोबा मधोमध तुटतो. तापीकाठ भाऊंनी सांगितलेली भेग अगदी तशीच आहे.

घरच्या घरी बघता येईल. प्रयोगशाळेत यासाठी आयएस २७२० (आयएस म्हणजे भारतीय मानक), भाग ४० प्रमाणे चाचणी करतात. १० ग्रॅम चाळलेली कोरडी माती १०० मिलिलीटरच्या दोन मापनळ्यांत टाकायची, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल. २४ तासांनी दोन्हींची उंची बघायची. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातली माती रॉकेलातल्यापेक्षा ५० टक्क्यांहून जास्त चढली तर जमीन त्रासदायक समजा. घरी दोन सारखे उभे ग्लास घेतले तरी अंदाज येतो.

उपायही नवा नाही. काळ्या मातीतून कालवा नेताना अस्तराखाली न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा थर देतात. मुंबई आयआयटीच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी यावर मोठं काम केलं, ते पुढे मानकांतही आलं. कालव्यात हा थर मीटरभरापर्यंत जातो. घराच्या गॅरेजला दोन-अडीच फूट मुरूम, थराथराने दाबलेला, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

अमळनेरी
नाना, रॉकेल कुठं मिळतं आता? रेशनवर बंद होऊन जमाना झाला.

निवृत्त_कालवा
मोटर दुरुस्तीवाल्याकडे पार्ट धुवायला असतं. वाटीभर मागा, नाही म्हणणार नाही.

सावदा_केळी
माझं मत पेव्हर ब्लॉक. आमच्या केळीच्या शेडसमोर टाकलेत, भरलेली ट्रॉली रोज त्यावरून जाते. जमीन तुमच्यासारखीच, किंबहुना जास्तच काळी. एके ठिकाणी पाइपलाइन फुटली आणि तिथले ब्लॉक चांगले खोलगट बसले. दोन माणसांनी अर्ध्या दिवसात उचलले, खाली कच भरली, दाबली, तेच ब्लॉक परत लावले. एक रुपयाचा ब्लॉक विकत आणला नाही. हे टाईलला जमेल का? कोब्याला जमेल का?

घेताना जाडी बघा. आयएस १५६५८ मध्ये हलक्या वाहतुकीला ६० मिमी आणि एम ३५ (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची प्रत), मध्यम वाहतुकीला ८० मिमी आणि एम ४०, असं दिलंय. एकट्या कारला ६० पुरेत. शेतीची ट्रॉली कधीमधी आत येणार असेल तर सरळ ८० घ्या. बाजारात झिलईचे, रबर मोल्डचे पातळ ब्लॉक स्वस्तात दाखवतात, ते अंगणातल्या पायवाटेचे. एक ब्लॉक फोडून बघायला मागा. वर रंगीत थर आणि आत भुसभुशीत माल निघाला तर दुकान बदला.

जुनी_जीप
पेव्हरला माझा विरोध नाही, पण ज्याला गाडीखाली झोपून काम करायचंय त्याने दहादा विचार करावा. चाकाची फळी फटींत अडकते, जॅकला खाली जाड फळी द्यावी लागते, आणि एखादा नट पडला तर फटीत जाऊन बसतो. ऑइल सांडलं की ब्लॉक पितो, डाग जात नाही. तो ब्लॉक उलटा करून लावता येतो हे मात्र खरं.

शिरपूरची_लेक
शहाबादी-कोट्यावर कुणी बोलेना म्हणून मीच बोलते, कारण काकांचं (तापीकाठ दादांच्या वडिलांचं) म्हणणं अगदीच वाया घालवण्यासारखं नाही. माहेरच्या वाड्यात ओसरीची शहाबादी माझ्या आजीच्या आधीपासून आहे आणि बैलगाडीचं चाक त्यावर कैकदा चढलंय. पण ती फरशी जाड आहे, आणि खाली दगडांचं सोलिंग आहे. आजकालची पातळ फरशी चार ठिपके मालावर टेकवतात, मधे पोकळ. टायर त्या पोकळीवर आला की कडाडून तुटते.

दुसरं म्हणजे शहाबादी आणि कोटा दोन्ही चुनखडीचे दगड. बॅटरीचं पाणी सांडलं किंवा संडासचं ॲसिड टाकून घासलं की तिथे पांढरा खड्डा पडतो आणि तो परत भरत नाही. आमच्याकडे कामवाल्या मावशींनी अशीच सगळी पायरी खाल्ली. कोटा घ्यायचाच तर इंचभर जाड, खडबडीत, आरसा पॉलिश न करता. ग्रॅनाइट ॲसिडला दाद देत नाही, पण त्यातही खडबडीत फिनिशच.

दोरी_ओळंबा
ताईंनी लाखमोलाचं सांगितलं. माल सगळीकडे भरून, रबरी हातोडीने ठोकून बसवायचा आणि नंतर प्रत्येक फरशी वाजवून बघायची. मालकाने स्वतः वाजवायची, मिस्त्रीच्या भरवशावर सोडायचं नाही. हे मी मिस्त्री असून सांगतोय.

नवापूरकर
प्लास्टिकच्या एकमेकांत अडकणाऱ्या टाईल्स येतात, त्या कशा? नाहीतर जळगाव चटईचं गाव आहेच, चटईच अंथरा. 😄

जुनी_जीप
चटई टायरखाली एका पावसाळ्यात चिंध्या. अडकणाऱ्या टाईल्समध्ये पीव्हीसीच्या घेतल्या तर काळ्या टायरचे तपकिरी डाग उमटतात, ते आतून मुरलेले असतात, घासून जात नाहीत. पॉलिप्रॉपिलीनच्या त्यामानाने बऱ्या. पण खाली जमीन सपाट लागते, आणि फटींतून धूळ खाली जाऊन बसते. कामाच्या बाकासमोर एक रबरी मॅट टाका, पायाला आराम. बाकी सोडा.

तापीकाठ
मंडळी, कोपरा फोडला. कोबा जेमतेम दोन इंच. खाली तळहाताएवढा मुरमाचा थर आणि त्याखाली आपली काळी आई, विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या आणि गुटख्याच्या पुड्या. मातीचं ढेकूळ इतकं सुटं होतं की नुसत्या हाताने कोपरभर खोल गेलो.

नानांची ग्लासची परीक्षाही केली. रॉकेलात माती दीड बोट, पाण्यात तीन बोटं. मुलाने फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला, त्याचा इपॉक्सीतला रस एकदम कमी झालाय. वडील म्हणाले, 'मी सांगत होतो ना.' काय सांगत होते ते आता आठवत नाही कुणाला.

आता सांगा, सगळं खोदून मुरूम भरायचा हे पक्कं. वर आरसीसी स्लॅब की पेव्हर?

निवृत्त_कालवा
खोदण्याआधी एक बघा. गॅरेजची भिंत कशावर उभी आहे? कॉलम आणि प्लिंथ बीमवर असेल तर आतली माती काढायला हरकत नाही. नुसत्या दगडी पायावर असेल तर पायाच्या तळापर्यंत जाऊ नका आणि सगळं एकदम उघडं करू नका. अर्धं काढा, भरा, दाबा, मग उरलेलं. राहत्या घराच्या भिंतीलगत तर इंजिनिअरला उभं करूनच.

मुरूम म्हणून काय येतं तेही तपासा. मूठभर ओला करून तळहातावर वळा. शेवयांसारखी बारीक वळी लांबत गेली तर ती माती आहे, गाडी परत पाठवा. वळताना लवकर तुटली आणि हाताला खर लागली तर उतरवून घ्या. सहा ते आठ इंचांचे थर, प्रत्येक थरावर बेताचं पाणी आणि यंत्राने दबाई. पाणी सोडून डबकं करणं म्हणजे दबाई नव्हे, खालची काळी माती उगाच पाणी पिते.

स्लॅब की ब्लॉक, याबाबत मी ब्लॉकच्या बाजूने. अडीच फूट मुरमाखालीही काळी माती राहणारच, थोडी हालचाल होणारच. ब्लॉक ती हालचाल खपवून घेतात. स्लॅब तडकून दाखवतो.

दोरी_ओळंबा
नानांपुढे बोलणं बरं नव्हे, पण नीट केलेला स्लॅब तडकत नाही. पाच इंच, एम २५, आठ मिमी सळईची जाळी आठ-आठ इंचांवर, आणि जाळी वरच्या तिसऱ्या भागात. बहुतेक वेळा ती कामगारांच्या पायाखाली तुडवून तळाशी जाते, मग तिचा वरच्या भेगेला उपयोग शून्य. १८ फुटांच्या मधोमध, ९ फुटांवर, कटरने सव्वा इंच खोल जॉइंट मारायचा, ओतल्याच्या दुसऱ्या दिवसाच्या आत. भेग जायचीच असेल तर त्या रेषेतून जाईल. भिंतीला स्लॅब चिकटवायचा नाही, मधे अर्धा इंच पट्टी ठेवून नंतर सीलंट भरायचं.

फक्त आखाजीच्या आधी हे काम घेऊ नका. चैत्र-वैशाखात दुपारी ओतलेलं काँक्रीट तासाभरात वरून सुकतं आणि केसासारख्या चिरा पडतात. करायचंच तर ऊन उतरल्यावर ओतायचं, रात्रीच गोणपाट ओलं करून टाकायचं आणि निदान दहा दिवस ते वाळू द्यायचं नाही. त्या दिवसांत टँकर कोणाला मिळतोय? आणि वर इपॉक्सीचा हट्ट असेल तर २८ दिवस आधी काहीच मारायचं नाही.

अमळनेरी
म्हणजे पेव्हरला पाणीही लागत नाही आणि लावल्या दिवशी गाडी आत. आखाजीचा प्रश्न सुटला की.

सावदा_केळी
अगदी. फक्त कडा बांधा. तीन बाजूंना भिंत आहेच, शटरकडे काँक्रीटची पक्की पट्टी हवी, नाहीतर ब्रेक मारताना सगळे ब्लॉक पुढे सरकत जातात. मुरमावर खडी-कचेचा दाबलेला थर, त्यावर दीड इंच वाळू, ब्लॉक लावून वर प्लेट कॉम्पॅक्टर, मग फटींत बारीक कोरडी वाळू झाडूने भरायची आणि परत एकदा यंत्र. वाळू भरल्याशिवाय ब्लॉक एकमेकांना धरत नाहीत. मुंग्या वाळू उकरतात हे खरं, वर्षातून एकदा पुन्हा झाडून भरावी लागते.

शिरपूरची_लेक
आणि खताच्या गोण्या थेट ब्लॉकवर नको, लाकडी फळ्यांवर ठेवा. अमोनियम सल्फेट ओलावा धरतं आणि सिमेंट खातं.

तापीकाठ
ठरलं. भिंत प्लिंथ बीमवरच आहे, नकाशा काढून पाहिला. तीन फूट खोदाई, अडीच फूट मुरूम, वर ८० मिमीचे ब्लॉक, कारण भाऊ ट्रॉली आणल्याशिवाय राहणार नाही. आतल्या भिंतीलगत चार फूट पट्टा मात्र स्लॅबचा, तिथे मोटरसायकलीचं काम आणि वर्कबेंच. तो पट्टा दिवाळीनंतर, थंडीत ओतायचा. तोवर तिथेही ब्लॉकच राहतील, नंतर उचलून अंगणात.

दोन गोष्टी राहिल्या. मुरूम किती ब्रास सांगू? आणि ढाळ किती ठेवू?

दोरी_ओळंबा
११ गुणिले १८ गुणिले अडीच, ४९५ घनफूट, म्हणजे दाबून झाल्यावर पाच ब्रास. सुटा मुरूम दबाईत बसतो, साडेसहा सांगा. ट्रॉलीवाल्याची ब्रास नेहमी बारीक असते, फाळका लावायच्या आत टेप लावून मोजा.

ढाळ शटरकडे, फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. १८ फुटांत सव्वादोन इंच होतो. ढाळ ब्लॉकखालच्या वाळूत काढायचा नाही, मुरमातच काढून घ्यायचा. शटरबाहेर जाळीची नाली करा आणि तिचं पाणी घरापासून लांब सोडा, प्लिंथच्या कडेला मुरू देऊ नका. भिंतीला लागून पेरू किंवा कडुनिंब आहे का?

तापीकाठ
पेरू आहे. आईने लावलेला. शटरपासून चार हातांवर.

निवृत्त_कालवा
राहू द्या. उन्हाळ्यात त्याला पाणी देत चला, म्हणजे तो गॅरेजखालची ओल ओढणार नाही.